मागचीनं हाक मारायची

आमची माय शाळेची पायरी चढली नव्हती, पण एक इंग्रजी शब्द तिच्या तोंडात उठल्यापासून निजेपर्यंत असायचा. सातवीत असताना मी तिला सांगितलं, माय, नंबर हा शब्द इंग्रजांचा आहे. ती भाकरी थापत होती, तिनं हातसुद्धा थांबवला नाही. म्हणाली, इंग्रज आपल्या हापशावर कवा आलते पाणी भरायला? तिचं तरी काय चुकलं म्हणा. हिंगोलीकडच्या साखऱ्याच्या वरच्या अंगाला माळावर आमचं गाव. तिथं एसटी दिवसातून दोनदा यायची, तीही तिच्या मनात असलं तर. पण नंबर मात्र घरोघरी होता, मिठासारखा.

चक्कीवर दळणाचा डबा ठेवला की नंबर लागला. ती चक्की तेलावर चालायची आणि तिच्या पाइपावरचं झाकण पुक पुक करत सगळ्या गावाला सांगायचं, की या, पीठ पडून राहिलंय. रॉकेल आलं की नंबर, सरकारी दवाखान्यातली गाडी आली की नंबर. आमच्या बाचा नंबर वेगळाच. त्याचा नंबर म्हणजे गट नंबर, सातबाऱ्यावरचा. सहा एकर कोरडवाहू आणि चाळीसेक मेंढरं एवढा आमचा संसार, पण तो गट नंबर बा असा सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, मागं कुठं जहागिरी असंल. मेंढी चांगली निघाली तर ती एक नंबर, आणि ती घ्यायला आलेला व्यापारी दोन नंबरचा. शेजारच्या धुरपताकाकू डोळ्यानं अधू होत्या, उन्हाला बसून वर बघून म्हणायच्या, एवढे लोक गेले, माजाच नंबर काहून लागून न्हाई राहिला रे देवा. आणि आठवीत शाळेत डोळ्याचे डॉक्टर आले, त्यांनी मला अक्षरं वाचायला लावली आणि सांगितलं, पोरीला नंबर लागला. मी घरी नाचत आले. मला वाटलं, पहिला आला. बानं माझा चष्मा हातात घेऊन बराच वेळ पालथा-उलथा केला आणि मायला म्हणाला, आता हिला कोण करून घेईल?

तर असा हा शब्द. कुठं तो लागला तर गूळ वाटायचा, कुठं लागला तर तोंड लपवायचं. मी पुढं आयुष्यभर पुस्तकं वाचली, जी मिळतील ती, पुड्याचे कागदसुद्धा सोडले नाहीत, पण या एका शब्दाइतकं मला कुठल्या शब्दानं नाचवलं नाही. आता गुडघ्याच्या डॉक्टरकडं गेलं की दाराशी पोरगी कागदाचा तुकडा देते, त्यावर नंबर. भिंतीवर लाल आकडा पेटतो आणि आपण उठायचं. कुणी कुणाला हाक मारत नाही. बरं आहे, भांडण नाही. पण मला तिथं बसवत नाही. मी सारखी शेजारच्या बाईला विचारते, तुमचा कितवा? तिला वाटतं, म्हातारीला घाई आहे. घाई नसते हो मला. नंबर म्हटलं की माझ्या पुढं कोण आहे, हे कळल्याशिवाय मला अजून राहवत नाही, आणि ते काहून, तेच आज सांगायला बसले.

आधी हापसा सांगते, म्हणजे पुढचं कळंल. होळी झाली की आमच्याकडच्या विहिरी तळ दाखवायच्या आणि सगळं गाव एका हापशावर. त्याची करकर पहाटेपासून ऐकू यायची, दोन दणके कोरडे, मग एक पाण्याचा. बाया घागरी ठेवून जायच्या. घागर जास्तीची नसली तर फुटका तांब्या, तोही नसला तर दगड. ज्याचा त्याचा दगड सगळ्यांना ओळखू यायचा. धुरपताकाकूंची पांढरी गारगोटी होती. दगड ठेवला म्हणजे बाई उभी आहे असंच धरायचं. तिनं घरी जाऊन भाकरी टाकाव्यात, लेकराला पाजावं, गुरांचं शेण काढावं. आणि तिचा नंबर आला की हाक कुणी मारायची? तर तिच्या मागचीनं. हा कायदा होता. मागचीनं तीनदा हाक मारायची, गावाच्या त्या टोकाला जाईल अशी. तरी आली नाही तर मागचीनं आधी तिची घागर भरायची आणि मग आपली. कारण मागचीलाच तर मोह पडतो ना, पुढची आली नाही तर बरं म्हणून. म्हणून त्याच बाईवर ते काम घातलेलं. हे कुणी ठरवलं, मला माहीत नाही. ज्यानं ठरवलं तो माणसं ओळखून होता.

माय या कायद्याची फौजदार. एकदा सरपंचाच्या सुनेनं एका बाईचा दगड पायानं सरकवला आणि आपली तांब्याची घागर तोंडाशी लावली. मायनं ती घागर उचलली आणि ओळीच्या शेपटीला नेऊन ठेवली. मग परत येऊन म्हणाली, "बाई, तुमच्या घागरीला मोल जास्त असंल, पर दगडाला बी तहान लागली हाय." त्या सुनेनं महिनाभर आमच्या दारावरून जाणं सोडलं. मी लहानपणापासून मायच्या मागं उभी राहून हाका मारायला शिकले. माझा आवाज लांब जायचा. बाया म्हणायच्या, शकूला मागं उभी करा, नवऱ्याच्या कुशीतून बी उठून येईल बाई.

बारावी झाले तेव्हा गावात तेवढं शिकलेली मी एकटीच मुलगी होते. माझ्या थोरल्या अक्काचं लग्न दोन वर्षांआधी झालं होतं. घरात सगळे बोलता बोलता म्हणायचे, आता शकूचा नंबर. माझं मन डी.एड.वर होतं. आमच्या शाळेत एक बाई होत्या, त्यांची पर्स, त्यांचं घड्याळ, त्यांनी हजेरी घेताना पेनाचं टोपण दातात धरणं, सगळं मला पाठ होतं. बाला मी विचारलं. तो मेंढराच्या पायातला काटा काढत होता. तो म्हणाला, "लागला नंबर तर शिक, मी अडवीत न्हाई. न्हाई लागला तर पुन्हा तोंड काढायचं न्हाई. मग ज्या घरी देईन त्या घरी जायचं." मी व्हय म्हणाले. चष्म्यामुळं दोन स्थळं आधीच परत गेली होती आणि तिसऱ्याच्या बापानं निरोप धाडला होता की दिवाळीनंतर बघू. म्हणजे मला दिवाळीपर्यंतची मुदत होती.

फॉर्म भरला आणि माझी झोप गेली. असे दोन महिने गेले. पोस्टमन आठवड्यातून दोनदा यायचा, मी रोज पाराशी जाऊन उभी राहायची. भाकरी करपायच्या. ताकात मीठ दोनदा पडायचं. माय म्हणायची, ह्या पोरीच्या अंगात काय शिरलंय, बसती तर उठती, उठती तर बसती. अंबाडीची भाजी निवडायला घेतली तर मी पानं टाकून देठं ठेवली. पहिल्या यादीत नाव नाही. दुसऱ्या यादीत नाही. मग एक दिवस ते कार्ड आलं. माझं नाव वेटिंगला, तिसरा नंबर. जागा दोन उरल्या होत्या. हिंगोलीच्या ज्या कॉलेजानं बोलावलं होतं त्याचं नाव मी लिहीत नाही, त्यात कुणाचा दोष नव्हता. दोन जागा आणि मी तिसरी. बाला वाटलं, झालं, संपलं. पण शाळेतल्या मास्तरांनी समजावलं, की वेटिंगवाले सगळे येत नसतात, कुणाचं लग्न झालेलं असतं, कुणाला दुसरीकडं मिळालेलं असतं. नाव पुकारतात. हजर नसलं तर पुढचं नाव.

बा मेंढरं सोडून येऊ शकत नव्हता, म्हणून माय आली. पहाटे उठून तिनं धपाटे केले, लसणाची चटणी कुटली, सगळं फडक्यात बांधलं. पहिल्या एसटीनं निघालो. माय हिंगोलीला त्याआधी एकदाच गेली होती, तेही दवाखान्यात. पूर्ण रस्ताभर ती माझ्या मार्कशीटची पिशवी पोटाशी धरून बसली होती, लेकरू धरावं तशी. श्रावणाची भुरभुर चालली होती आणि खिडकीची काच खाली येत नव्हती, आमचे दोघींचे खांदे भिजले.

कॉलेजच्या व्हरांड्यात शिपायानं वेटिंगच्या क्रमानं आम्हाला ओळीत बसवलं. पहिल्या नंबरची मुलगी आलेली होती. तिच्या मागं, म्हणजे माझ्या पुढं, शिरड शहापूरची नूरजहाँ, तिच्यासोबत तिचे वडील. ते पिंजारी होते, गाद्या-रजया भरणारे. भिवयांत, कानांच्या पाळीवर कापसाचे तंतू अडकलेले, त्यामुळं ते आताच कुठूनतरी धुक्यातून आल्यासारखे दिसायचे. नूरजहाँ माझ्याएवढीच. हातावरची मेंदी पुसट झालेली. तिनं मला हळूच विचारलं, तुला भीती वाटून राहिली का? मी म्हणाले, न्हाई. ती म्हणाली, मला वाटून राहिली. मग आम्ही दोघी हसलो. एवढीच ओळख.

साहेब आले नव्हते. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजायला आले. बायकांसाठी त्या काळी असल्या ठिकाणी जागा नसायचीच. पुरुष जात होते, येत होते. नूरजहाँ पाय आवळून बसलेली, तिचा चेहरा पिवळा पडला होता. शेवटी माझ्या कानाशी लागून तिनं विचारलं, कुठं जागा हाय का गं? माय आणि मी आल्या आल्या जागा हेरली होती. मी सांगितलं, मागच्या भिंतीपल्याड बाभळी आहेत, तिथं. तिनं वडिलांना खूण केली. त्यांनी छत्री घेतली. जाताना त्यांनी आपला जेवणाचा डबा तिच्या जागेवर ठेवला, बरोबर ओळीत, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "बेटा, हमारा नंबर देखना जरा. आलोच." मी मान हलवली. डब्याला बांधलेल्या रुमालाची गाठ मी नीट बघून घेतली. उगाच. सवय.

ती दोघं भिंतीआड गेली आणि साहेब आले.

क्लार्क चष्मा कपाळावर चढवून बाहेर आला आणि पहिलं नाव पुकारलं. ती मुलगी आत गेली. एक जागा संपली. मग दुसरं नाव. शेख नूरजहाँ. कुणी उठलं नाही. त्यानं कागदाकडं बघून पुन्हा पुकारलं. माझ्या मनगटावर मायचा हात आला. तिचे हात हापशाच्या दांड्यानं घट्टे पडलेले, ती पकड मी ओळखत होते. ती माझ्याकडं बघत नव्हती, समोर बघत होती. तिनं ओठ न हलवता म्हटलं, "गप ऱ्हाय." हे माझी माय म्हणत होती, दगडाला तहान लागते म्हणणारी. क्लार्कनं पेनाचं टोपण काढलं.

आता मी जे सांगते ते खरं आहे आणि त्यात माझा मोठेपणा नाही. मी विचार केलाच नाही. विचार केला असता तर गप्पच राहिले असते. बारा वर्षांची सवय होती, पुढचीचं नाव दोनदा झालं की तिसऱ्यांदा माझं तोंड आपोआप उघडायचं. मी हाक मारली. नूरजहाँऽऽ. हापशावरून मारतात तशी, गावाच्या त्या टोकाला जाईल अशी. व्हरांड्यातले सगळे लोक दचकले. एका बाईच्या कडेवरचं लेकरू रडायला लागलं.

क्लार्क म्हणाला, "कोण ओरडलं?"

"सर, ती हाय. नंबर ठेवून गेली. हा बघा, डबा हाय तिचा."

"मग डब्याला अ‍ॅडमिशन देऊ का?" लोक हसले. तोही हसला. "तू कोण तिची? बहीण?"

"न्हाई. मागची."

"मागची म्हणजे?"

"तिच्या मागचा नंबर माझा हाय, सर."

त्यानं यादीत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ, आणि त्याचं हसू गेलं. टोपण परत पेनाला लावून तो म्हणाला, "पाच मिनिटं थांबतो. जा, घेऊन ये. न्हाई आली तर तुझं नाव लिहितो."

मी पळाले. व्हरांडा, मग चिखल, मग भिंत. भिंतीच्या कोपऱ्याशी पोचले तर ते दिसले. नूरजहाँचे वडील छत्री उघडून बाभळीकडं पाठ करून उभे होते, छत्री मागं धरलेली, आडोशासारखी. भुरभुर चालूच होती आणि तो माणूस स्वतः भिजत होता. जवळच कुठंतरी चक्की पुकपुकत होती, तिच्यात त्यांना माझी हाक ऐकू आली नव्हती. त्यांनी मला बघितलंही नव्हतं.

आणि मी थांबले.

का थांबले, याला मी आजवर हजार कारणं दिली. धाप लागली होती. पोरगी आडोशाला बसलेली असताना जवळ कसं जायचं. सगळी खरी आहेत आणि एकही खरं नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला डोळ्यांपुढं तो क्लार्क दिसत होता, टोपण लावलेला पेन, आणि त्या पेनातून येऊ घातलेलं माझं नाव. हाक तर मी मारली होती. कायद्यानं माझं काम झालं होतं. आता नुसतं उभं राहायचं होतं, दुसरं काही करायचं नव्हतं. मला शाळेतल्या बाईंचं घड्याळ आठवलं. तिसऱ्या स्थळाचा बाप आठवला. भिंतीवर एक गोगलगाय चालली होती, ती बोटभर वर गेली तोवर मी उभी होते. असं मी पुन्हा कधी उभी राहिले नाही.

मग त्यांनी मान वळवली. म्हणाले, "क्या हुआ, बेटा?"

मी म्हणाले, बुलाया. जल्दी.

त्यांनी मला बघितलं नसतं तर मी बोलले असते का, हे मला ठाऊक नाही. देवाशपथ ठाऊक नाही.

नूरजहाँ पळाली. एक चप्पल चिखलात राहिली, ती मी उचलून आणली. मी परत व्हरांड्यात पोचले तेव्हा ती आत गेलेली होती आणि क्लार्क दाराशी उभा राहून बाकीच्यांना सांगत होता, जागा भरल्या, आता कुणी थांबू नये. नूरजहाँ बाहेर आली ती रडतच आली. तिच्या वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांनी तो डबा सोडला. आत खिचडी होती आणि कांदा. त्यांनी आग्रह केला तशी माय बसली, आणि तिनं आपले धपाटे काढले, अर्धे त्यांना दिले. आम्ही चौघं व्हरांड्याच्या पायरीवर बसून जेवलो. माय खाली मान घालून जेवत होती. मी हातातला धपाटा नुसता मोडत बसले होते, आणि सगळ्यांना वाटलं, पोरीला नंबर गेल्याचं दुःख झालं.

परतीच्या एसटीत माय मार्कशीटची पिशवी पुन्हा पोटाशी धरून बसली. घरी बानं विचारलं, काय झालं? माय म्हणाली, जागा दोनच होत्या. एवढंच. मी हाक मारली, क्लार्कनं थांबतो म्हणून सांगितलं, यातलं तिनं बाला कधीच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बानं मला मारलं असतं, का जवळ घेतलं असतं, आता तो नाही, कुणाला विचारणार.

दिवाळीनंतर तो तिसऱ्या स्थळाचा बाप आला. वसमतला दिलं मला. नवरा हळदीच्या अडतीवर काट्यावर माल तोलायचा, अंगाला बारमाही पिवळा वास. माणूस भला. चष्म्याचं त्यानं कधी काही काढलं नाही, उलट अडतीवरून रद्दी आणायचा, म्हणायचा, घे, तुझ्या डोळ्यांना काम. लेकरं निजली की मी वाचायची. पुढं गल्लीतली पोरं ओसरीत जमवून त्यांना शिकवलं, कुणी सांगितलं नव्हतं, कुठला कागद नव्हता. पण त्या सगळ्याच्या आतून एक हुरहुर कधी गेली नाही. नूरजहाँ मला एकदा भेटली, औंढ्याच्या स्टँडवर. शाळा सुटून आलेली, मनगटावर घड्याळ, पर्स. ओळखून पळतच आली आणि गळ्यात पडली. बरोबरच्या बाईंना म्हणाली, ही ती, हिनं हाक मारली म्हणून मी आज मास्तरीण. मला तिच्याकडं बघवेना. मी म्हणाले, माझी गाडी लागली, आणि जी गाडी समोर होती तिच्यात चढले. ती परभणीची होती. मला जायचं होतं वसमतला.

पण हे नंतरचं. त्याआधीचं एक राहिलं, त्याशिवाय हे संपायचं नाही.

पहिल्या खेपेला मी माहेरी बाळंतीण झाले. बारा दिवस झाले असतील. दुपारची वेळ, बा मेंढरांमागं गेलेला. माय माझ्या डोक्याला तेल घालत होती, बाजेखाली शेगडीत ओवा आणि शेपा जळत होता, त्या धुरात लेकरू शिंकायचं आणि आम्ही हसायचो. मध्येच तिचे हात थांबले. इतक्या दिवसांत ज्या गोष्टीचं नाव काढलं नव्हतं ती तिनं अशी काढली, जशी कालच झाली.

ती म्हणाली, "त्या दिवशी तुला यायला लई टाईम लागला. भिंत तर जवळच होती."

मी तिच्याकडं पाठ करून बसले होते, म्हणून बोलता आलं. म्हणाले, "उभी ऱ्हायले होते, माय. सांगितलंच न्हाई त्यांना. नुसती उभी ऱ्हायले."

तिचे हात पुन्हा चालू लागले. तेल कानामागं ओघळलं ते तिनं पदरानं टिपलं.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "तिथं भिंतीवर घड्याळ होतं. मला घड्याळ कळत न्हाई, पर काटा सरकलेला कळतो. तू दिसंना, अन् काटा सरकून राहिला, अन् मी मनात म्हणून राहिले, थांब गं माय. आनखी थोडी थांब."